काडीकिड्याचं वर्णन कसं वाचायचं? मोजमापांच्या मागे लपलेला दावा

नव्या प्रजातीचं वर्णन करणारा पेपर पहिल्यांदा हातात आला की बहुतेक विद्यार्थी फोटो बघतात, नाव कुणावरून ठेवलं ते बघतात, आणि मधली चार-पाच पानं ओलांडून थेट निष्कर्षावर जातात. ती मधली पानं म्हणजे शरीररचनेचं वर्णन. डोकं लांबट, शृंगिका पुढच्या पायापेक्षा आखूड, मध्यवक्ष पूर्ववक्षाच्या अमुक पट लांब, पोटाचा सातवा खंड रुंदीपेक्षा लांब. वाचताना वाटतं, ही तर किराणा दुकानातली यादी झाली. यात संशोधन कुठंय?

आजचा लेख त्या ओलांडलेल्या पानांवर आहे. उदाहरणं काडीकिड्यांची घेतली आहेत, कारण वर्णन करणाऱ्याला फसवण्यात या किड्यांचा हात कुणी धरणार नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: शरीररचनेचं वर्णन हा एक दावा असतो आणि तो दावा म्हणूनच तपासायचा असतो. तुलना कुणाशी केली, काय प्रत्यक्ष पाहिलं आणि काय पाहायला मिळालंच नाही, हे ज्या वर्णनातून कळत नाही ते कितीही लांबलचक असलं तरी कच्चं. या कसोटीवर गेल्या काही वर्षांतले तीन गाजलेले पेपर आपण घासून बघू.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात स्पीशीजला 'जाती' आणि जीनसला 'वंश' किंवा 'प्रजाती' म्हणत. आजची वर्तमानपत्रं स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. दोन्ही प्रकारची पुस्तकं तुमच्या टेबलावर असतील तर घोळ नक्की होणार. इथे प्रजाती म्हणजे स्पीशीज, आणि जीनसला मी जीनसच म्हणणार आहे.

परभणीच्या पोरांनी काडीकिडा कशाला वाचायचा?

हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे कीटकशास्त्र म्हटलं की कापूस, सोयाबीन, तूर आणि त्यावरची कीड. कृषी विद्यापीठ गावातच असल्यामुळे आपली नजर तशी घडलेली आहे. मग पहिलं उदाहरण कापसाचंच घेऊ.

२००५ नंतरच्या काही वर्षांत पाकिस्तान आणि भारतात कपाशीवर पिठ्या ढेकूण मोठ्या प्रमाणावर आला. पाकिस्तानातल्या संशोधकांना तो वेगळा वाटला आणि त्याला नव्या प्रजातीचं नाव दिलं गेलं, फेनाकॉकस गॉसिपिफिलस. पुढे २००८ साली हॉजसन आणि पाकिस्तानातले तेच संशोधक यांनी मिळून 'झूटॅक्सा' या नियतकालिकात सविस्तर पेपर लिहिला. त्यात दाखवलं की हा ढेकूण म्हणजे फेनाकॉकस सोलेनॉप्सिस, ज्याचं वर्णन टिन्सली यांनी अमेरिकेतून १८९८ सालीच केलं होतं. जी शरीरवैशिष्ट्यं वेगळी वाटत होती, ती ऋतूनुसार बदलत होती. त्या पेपरच्या शीर्षकातच ऋतूनुसार होणाऱ्या शारीरिक बदलांचा उल्लेख आहे.

गोष्ट इथेच संपत नाही. या ढेकणाच्या पोटात अंडी घालणारी एक बारीक परोपजीवी माशी भारतात सापडली. २००९ साली अलीगढचे नामवंत वर्गीकरणतज्ज्ञ मोहम्मद हयात यांनी तिचं नवी प्रजाती म्हणून वर्णन केलं, एनॅशियस बंबावाले. कपाशीवरच्या जैविक नियंत्रणाच्या पुस्तिकांत हे नाव तुम्ही वाचलं असेल. काही वर्षांनी लक्षात आलं की तीसुद्धा अमेरिकेतून आधीच वर्णन झालेली एनॅशियस अ‍ॅरिझोनेन्सिस आहे. म्हणजे कीड आणि तिचा शत्रू, दोघांनाही इथे नवी नावं मिळाली आणि दोघंही निघाले जुनेच, सातासमुद्रापलीकडचे.

यातून नुकसान काय? कीड स्थानिक आहे असं मानलं तर आपण तिचे शत्रू इथेच शोधत बसतो. ती बाहेरून आली आहे हे कळलं तर तिच्या मूळ प्रदेशातल्या माहितीचा साठा आपल्यासाठी एकदम उघडतो. सगळं अडतं ते एका बारीक प्रश्नावर: हे शारीरिक वैशिष्ट्य प्रजातीचं आहे, की हवामानाचं, वयाचं, लिंगाचं? काडीकिड्यांच्या अभ्यासात हाच प्रश्न पावलोपावली येतो, म्हणून सरावाला ते उत्तम.

फसवणारं शरीर

काडीकिडे आणि पानकिडे एकाच गणात येतात, फॅस्मॅटोडिया. ग्रीक भाषेत फास्मा म्हणजे भूत किंवा आभास. आतापर्यंत तीन हजारांहून जास्त प्रजातींची वर्णनं झाली आहेत. आता त्यांचं अंग वरून खाली बघू, आणि प्रत्येक ठिकाणी वर्णन करणारा कुठे घसरू शकतो तेही.

वक्षाचे तीन भाग. पहिला, पूर्ववक्ष, आखूड. त्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत संरक्षक ग्रंथींची बारीक छिद्रं असतात. दुसरा आणि तिसरा भाग लांब, काडीसारखे. इथे पहिला सापळा: पोटाचा पहिला खंड तिसऱ्या वक्षाला इतका जोडलेला असतो की तो वक्षाचाच भाग वाटतो. ज्याला हे माहीत नाही तो पोटाचे खंड एकाने चुकवतो, आणि मग पुढची सगळी वाक्यं, सातवा खंड असा, आठवा खंड तसा, चुकीच्या खंडांना चिकटतात.

पाय. पुढच्या पायाच्या मांडीचा, म्हणजे फीमरचा, बुडाचा भाग आत वाकलेला असतो. किडा पाय पुढे ताणून काडीचं सोंग घेतो तेव्हा डोकं त्या खोबणीत बसतं. पावलाला, म्हणजे टार्ससला, सहसा पाच खंड असतात. अमेरिकेतल्या टिमेमा या गटात मात्र तीनच. मग तुम्हाला एखाद्या किड्याच्या पावलात चार खंड दिसले तर? नवा जीनस? थांबा. काडीकिडा संकटात पाय तोडून देतो आणि लहान वयात असेल तर पुढच्या कातींमध्ये तो पाय परत उगवतो. असा उगवलेला पाय बहुधा आखूड असतो आणि त्याच्या पावलात चारच खंड येतात. एवढंच नाही. २००६ साली टॅरा मॅगिनिस यांनी सिपिलोइडिया या पंखवाल्या काडीकिड्यावर प्रयोग करून दाखवलं की पाय परत उगवण्याची किंमत पंखांना मोजावी लागते. पंख लहान राहतात आणि उडण्याची ताकद घटते. म्हणजे लहानपणी झालेली जखम मोठेपणी 'पंख तुलनेने आखूड' अशा वाक्यात येऊन बसू शकते. एकाच नमुन्यावरून केलेल्या मोजमापांकडे संशयाने का बघायचं, ते इथे कळतं.

रंग. वाळवल्यावर हिरवा किडा तपकिरी पडतो, हे तर झालंच. पण जिवंतपणीही रंग स्थिर नसतो. कॅराउसियस मोरोसस, म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांत 'भारतीय काडीकिडा' म्हणून पाळला जाणारा किडा, रात्री गडद होतो आणि दिवसा फिका. त्याच्या मादीच्या पुढच्या पायांच्या बुडाशी आतल्या बाजूला लाल रंग असतो. ही खूण उपयोगी आहे, पण किडा पाय ताणून बसला असताना फोटो काढला तर ती सहज निसटते.

शेवटचं टोक. नराच्या पोटाच्या टोकाला, खालच्या बाजूला, व्होमर नावाचा कडक तुकडा असतो. मिलनाच्या वेळी मादीला धरून ठेवायला तो कामी येतो. मादीच्या आठव्या खंडाखाली झाकणासारखी पट्टी असते, तिला ऑपरक्युलम म्हणतात. गंमत म्हणजे अंड्याच्या झाकणालाही ऑपरक्युलमच म्हणतात. पेपर वाचताना कुठल्या झाकणाची गोष्ट चालू आहे ते दरवेळी बघा, नाहीतर डोक्याचा भुगा होतो.

आणि अंडं. काडीकिड्याचं अंडं बीसारखं दिसतं. कवचावर मायक्रोपाइलची पट्टी असते, तिचा आकार प्रजाती ओळखायला फार कामाचा. काही प्रजातींच्या अंड्यावर कॅपिट्युलम नावाची गाठ असते. मुंग्या बियांवरच्या खाऊसाठी बी जशा ओढून नेतात, तशा या गाठीसाठी अंडं नेतात. दोन माद्या हुबेहूब सारख्या आणि अंडी मात्र वेगळी, असंही घडतं. म्हणून काडीकिड्याचं वर्णन वाचताना पहिला प्रश्न: अंडं पाहिलंय का?

पहिला पेपर: नवरा एका घरात, बायको दुसऱ्या

१९०६ साली रेडटेनबाखर यांनी न्यू गिनीच्या परिसरातल्या बारीक पानकिड्यांसाठी नॅनोफिलियम हा जीनस केला. त्यातले सगळे ज्ञात नमुने नर. दुसऱ्या बाजूला फिलियम या जीनसमध्ये फ्रॉन्डोसम नावाचा एक गट होता. त्यातल्या सगळ्या माद्या. शंभरहून जास्त वर्षं दोन्ही घरं वेगळी नांदली.

२०१८ साली कॅनडातल्या माँट्रियल इन्सेक्टेरियममध्ये फिलियम असेकिएन्स या प्रजातीच्या मादीची अंडी आली आणि ती उबवली गेली. त्यातून जे नर वाढले ते दिसायला सरळसरळ नॅनोफिलियम! २०२० साली रॉइस कमिंग आणि सहकाऱ्यांनी 'झूकीज'मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि फ्रॉन्डोसम गट उचलून नॅनोफिलियममध्ये नेला.

हा पेपर मला आवडतो त्याचं कारण साधं आहे: पुरावा. आई माहीत, अंडं माहीत, पिल्लू माहीत, नर माहीत. साखळीतली एकही कडी 'असं वाटतं' वर टांगलेली नाही. वर्णन करताना नर आणि मादी दोघांची अंगं शेजारी शेजारी ठेवली आहेत, त्यामुळे वाचणारा स्वतः ताडून बघू शकतो. आणि आधीच्या लोकांना मूर्ख ठरवलेलं नाही. १९०६ सालच्या माणसाकडे पिनेला टोचलेले नर होते, त्यावरून त्याने जे मांडलं ते त्या पुराव्यापुरतं रास्त होतं.

पण एक हरकत मी घेईन. उबवून सिद्ध झाली ती एका प्रजातीची जोडी. बाकी माद्यांचं स्थलांतर शारीरिक साम्यावरून केलेलं अनुमान आहे. अनुमान मजबूत आहे, मीही तेच केलं असतं. तरीही नर-मादी वेगवेगळ्या नावांनी नोंदलेल्या प्रजातींपैकी कुठली जोडी एकच प्रजाती आहे, हे अजून एकेक करून ठरवावं लागेल. वाचताना या दोन पातळ्या वेगळ्या ठेवायला शिका: 'पाहिलं' आणि 'पाहिलेल्यावरून मानलं'. परीक्षेत आणि मुलाखतीत नेमका हाच फरक विचारतात.

दुसरा पेपर: एकसारखे दिसणारे वेगळे

दुसरं उदाहरण भारताचं आहे. २०२१ साली साराह बँक आणि सहकाऱ्यांनी पानकिड्यांच्या डीएनएवरून वंशवृक्ष मांडला. त्याला त्यांनी 'पानांचं झाड' असंच नाव दिलं. त्या झाडाच्या फांद्यांवर काही नमुने भलत्याच जागी बसलेले दिसले. २०२३ साली त्यातून सात नव्या प्रजातींचं वर्णन पुन्हा 'झूकीज'मध्ये आलं. त्यातली एक नैऋत्य भारतातली, पल्क्रिफिलियम अनंगू. तोपर्यंत इथले हे किडे आग्नेय आशियात दूरवर पसरलेल्या एका प्रजातीचेच भाईबंद मानले जात.

याचा अर्थ नीट समजून घ्या. 'दूरवर पसरलेली प्रजाती' म्हटलं की संवर्धनाच्या यादीत ती खाली जाते. इथलं जंगल गेलं तरी तिकडे आहेच की, असा हिशोब होतो. पण इथली प्रजाती वेगळी निघाली तर इथलं जंगल जाणं म्हणजे ती कायमची जाणं. वर्णनातल्या दोन ओळींवर हा फरक टांगलेला असतो.

या पेपरची ताकद मोठी आहे, पण पद्धतीबद्दल एक प्रश्न विचारायला हवा. इथे आधी डीएनएने सांगितलं की वेगळं आहे, मग शरीरात फरक शोधले गेले. उत्तर माहीत असताना गणित सोडवल्यासारखं हे असतं. फरक शोधायचाच म्हटलं तर कुठल्याही दोन गटांत तो सापडतो. आपल्या कॉलेजच्या एका वर्गातल्या डाव्या आणि उजव्या बाकांवरच्या मुलांची उंची मोजली तरी सरासरीत फरक निघेल. म्हणून अशा पेपरमध्ये मी दोन गोष्टी शोधतो: फरक किती नमुन्यांत टिकला, आणि दोन्ही गटांची मापं एकमेकांत मिसळतात का. ज्याच्याकडे डीएनएची सोय नाही, फक्त भिंग आहे, त्याला रानात ही प्रजाती ओळखता येईल असं लक्षण पेपर देतो का, हाही माझा प्रश्न असतो. कारण मराठवाड्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत सीक्वेन्सर नसतो, मायक्रोस्कोप असतो.

तिसरा पेपर: वेगळे दिसणारे एकसारखे

आता उलटी गोष्ट. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाऊ बेटावर एक जाडजूड, बिनपंखी काडीकिडा होता, ड्रायोकोसेलस ऑस्ट्रालिस. १९१८ साली एक जहाज बेटाला लागलं, त्यातून उंदीर उतरले आणि थोड्याच वर्षांत किडा बेटावरून नाहीसा झाला. २००१ साली बॉल्स पिरॅमिड नावाच्या जवळच्या उघड्या सुळक्यावर तसेच किडे सापडले. जगभर आनंद झाला. पण एक अडचण होती: हे किडे संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांहून दिसायला वेगळे होते. मग हे तेच का? की जवळची दुसरीच प्रजाती?

२०१७ साली अलेक्झांडर मिखेयेव आणि सहकाऱ्यांनी 'करंट बायॉलॉजी'त उत्तर दिलं. संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांतून डीएनए काढून सुळक्यावरच्या किड्यांशी ताडलं. मायटोकाँड्रियातल्या डीएनएत एक टक्क्याहून कमी फरक. म्हणजे तेच. फक्त शरीर बघून निकाल दिला असता तर एक 'नवी' प्रजाती कागदावर जन्मली असती आणि जुनी कायमची नष्ट म्हणून नोंदली गेली असती. लॉर्ड हाऊवर किडा परत सोडायचा विचार तिथेच थांबला असता.

या पेपरचं श्रेय मी डीएनएच्या यंत्राला जितकं देतो तितकंच त्या अनामिक माणसांना देतो, ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी किडे पिनेला टोचून, चिठ्ठी लावून जपून ठेवले. नमुना नसता तर ताडायचं कशाशी?

तीनही पेपर शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. एकाच प्रजातीची दोन लिंगं दोन जीनसमध्ये गेली. दोन प्रजाती एका नावाखाली लपल्या. एक प्रजाती दोन वाटली. तिन्ही ठिकाणी अंग नीट मोजलेलं होतं! कमी पडली ती तुलना, किंवा तुलनेला लागणारी दुसरी बाजू: नर, अंडं, दूरच्या बेटावरचा नमुना.

नियम काय म्हणतो?

प्राणीनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नवं नाव ग्राह्य धरलं जायचं तर इतरांपासून वेगळं करणारी लक्षणं शब्दांत सांगावी लागतात. २००० पासून नव्या प्रजातीचा नामधारक नमुना स्पष्टपणे ठरवणंही सक्तीचं आहे. तो एकच नमुना असेल तर त्याला होलोटाइप म्हणतात. उद्या वाद झाला तर निकाल त्या नमुन्याकडे बघून लागतो, तुमच्या सुंदर वाक्यांकडे बघून नाही.

भारतात यावर आणखी एक कायदेशीर जबाबदारी आहे. जैवविविधता कायदा, २००२, कलम ३९ नुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने अधिकृत संग्रहालयाला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. भारतीय प्राणी सर्वेक्षण, म्हणजे झेडएसआय, हे त्यातलं आपल्याला माहीत असलेलं नाव; पुण्यात त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. विभागातल्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात ठेवलेला होलोटाइप म्हणजे उधईला आमंत्रण.

पण संहिता किमान अट सांगते, चांगलं वर्णन कसं असतं ते सांगत नाही. नर पाहिलाच पाहिजे, अंडं पाहिलंच पाहिजे, अशी सक्ती तिच्यात नाही. आणि ती ठेवताही येणार नाही. भारतीय काडीकिड्याचंच बघा. त्याच्या माद्या नराशिवाय अंडी घालतात, त्यातून पुन्हा माद्याच निघतात. नर अतिशय दुर्मीळ. नराची अट असती तर या किड्याला नावच मिळालं नसतं. दक्षिण भारतातून युरोपात गेलेल्या या किड्याचं नाव कसं रुजलं तेही वाचण्यासारखं आहे. जुन्या पेपरांत त्याच्या नावापुढे ब्रुनर आणि १९०७ साल दिसतं. पण नाव त्याआधीच छापलं गेलं होतं, १९०१ साली, रॉबेर द सिनेती यांच्या काडीकिड्यांच्या जीवनक्रमावरच्या आणि शरीररचनेवरच्या अभ्यासात. पहिल्या प्रसिद्धीला मान, या नियमाने श्रेय सिनेती यांच्याकडे आलं. पुढे याच किड्याच्या चालण्यावरून होल्क क्रूझ यांच्यासारख्या संशोधकांनी सहा पायांच्या यंत्रांचं नियंत्रण कसं करावं याचे नमुने बांधले. एवढ्या सगळ्या कामाखाली पाया आहे तो 'हा किडा म्हणजे नेमका कोणता' या उत्तराचा.

आपल्याकडच्या वर्णनांबद्दल

आता थोडं घरचं. आपल्याकडे छापून येणाऱ्या काही वर्णनांत मला तीन दुखणी दिसतात. एक, 'जवळच्या प्रजातीहून वेगळी' असं म्हटलेलं असतं, पण जवळच्या प्रजातीचा नमुना प्रत्यक्ष पाहिला की फक्त जुनं वर्णन वाचलं, ते सांगितलेलं नसतं. दोन, मापं एकाच नमुन्याची, तीही दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत. अंक बारीक दिले म्हणून पुरावा मोठा होत नाही. तीन, वर्तमानपत्रात बातमी आधी आणि पेपर मागून.

याला कारणं आहेत, ती समजून घ्यायला हवीत. भारतीय काडीकिड्यांचे कित्येक जुने नामधारक नमुने लंडन आणि व्हिएन्नाला आहेत. समजा जिंतूरच्या टेकड्यांवर तुम्हाला एक अनोळखी काडीकिडा सापडला, तर ताडून बघायला व्हिएन्नाचं तिकीट कोण काढणार? शिवाय 'नवी प्रजाती म्हणजे हमखास एक पेपर' हा हिशोब डोक्यात बसलेला. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.आधी पेपर छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढली, पण मनातली घाई अजून गेलेली नाही.

तरी अडचणीचा बाऊ करण्याचे दिवस आता राहिले नाहीत. 'फॅस्मिडा स्पीशीज फाइल' या मोफत संकेतस्थळावर हजारो प्रजातींची नावं, संदर्भ आणि कित्येक नामधारक नमुन्यांचे फोटो आहेत. ब्रुनर आणि रेडटेनबाखर यांचा १९०६ ते १९०८ मधला मोठा ग्रंथ 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'त फुकट वाचता येतो. लॅटिन-जर्मन आहे, डोकं खाजवावं लागतं, पण परभणीत बसून वाचता येतो. आणि जिथे फक्त फोटो पाहिला तिथे 'फोटो पाहिला' असं लिहायला पैसे लागत नाहीत.

सरावासाठी

पेटची किंवा नेटची तयारी करत असाल तर वर्णनाचा कुठलाही एक पेपर घ्या, काडीकिड्याचाच पाहिजे असं नाही. पेन्सिल घ्या. शरीररचनेच्या प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: हे वाक्य जवळच्या प्रजातीपासून वेगळेपण सांगतं, की त्या गटातल्या सगळ्यांनाच लागू पडतं? 'पावलाला पाच खंड' हे काडीकिड्याच्या वर्णनात खरं असतं आणि जवळजवळ निरुपयोगीही. मग समासात उत्तरं लिहा: नमुने किती, नर किती, मादी किती, अंडं आहे का, पाय परत उगवलेला असण्याची शक्यता तपासली का, होलोटाइप कुठे ठेवला, तुलनेचा नमुना हातात घेतला होता का. शेवटी एक वाक्य लिहायचा प्रयत्न करा: 'उद्या अमुक सापडलं तर ही प्रजाती चुकीची ठरेल.' हे वाक्य लिहिता आलं तर वर्णन चांगलं आहे. कितीही वाचून लिहिता येत नसेल, तर त्या पेपरने दावा केलेलाच नाही, फक्त किडा मोजला आहे.

हा सराव महिनाभर करून बघा. मग पुढच्या वेळी कपाशीच्या पानामागे पांढरा, पिठाळ ढेकूण दिसला आणि कुणी म्हणालं, 'सर, हा नवा दिसतोय', तर तुमचा पहिला प्रश्न असेल: 'कशापेक्षा?'